अक्काची गाडी आणि राहिलेला पाव फेरा

माझं निम्मं आयुष्य दुसऱ्याच्या गाडीच्या बॉनेटखाली वाकून गेलं. त्यामुळं माणसं मला आधी चपलांवरून ओळखू येतात, मग तोंडावरून. हुलसूरच्या बसस्टँडवरून बसवकल्याणच्या रस्त्याला लागलं की डाव्या अंगाला एक पत्र्याचं शेड दिसतं, ते माझं गॅरेज. पाटी मराठीत आणि कन्नडात आहे आणि दोन्हीत माझं नाव चुकलंय. रंगारी औरादकडचा तेलुगू माणूस होता. त्यानं कुठल्याच भाषेवर अन्याय केला नाही.

आता मी काम बंद केलंय, म्हणजे लोकांना तसं सांगतो. दिवसभर शेडच्या दारात खुर्ची टाकून बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकतो. दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून सांगायला आलेल्या मंडळींना वाटलं होतं, मी अमुक साली हे केलं न् तमुक साली ते केलं असं लिहीन. सालं मला आठवत नाहीत. कुठल्या गाडीचा कुठला नट घसरत होता ते आठवतं. आणि एका गाडीचा एक स्क्रू अजून छळतो, त्याचीच गोष्ट सांगतो.

आधी कार्बोरेटर म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे, कारण हल्लीच्या गाड्यांत तो नसतो. इंजिनाला नुसतं पेट्रोल चालत नाही, नुसती हवाही चालत नाही. कढीत ताक किती न् पीठ किती याचा हिशोब असतो, तसा दोन्हीचा मेळ बसवावा लागतो. ते काम कार्बोरेटर करतो. त्याच्या नरड्यात एक गोल पाकळी असते. तुम्ही एक्सलेटरचं पेडल दाबलं की ती उघडते, जास्त माल आत जातो, गाडी पळते. पेडलपासून त्या पाकळीपर्यंत जे रॉड, जोड आणि स्प्रिंगा असतात, त्याला आम्ही लिंकेज म्हणतो. पायाच्या मनातलं इंजिनाला सांगायचं काम त्याचं. निरोप्या बिघडला की काय होतं ते पुढं येईलच.

मी शिकलो बीदरला, रहीम उस्तादांकडं. उस्ताद शिव्या कमी द्यायचे आणि नियम त्याहून कमी सांगायचे. पण सांगितलेला नियम मोडला की दिवसभर बोलायचे नाहीत. ते शिवीपेक्षा वाईट. पहिला नियम मनगटाचा. घड्याळ, अंगठी, कडं, दोरा, हाताला काहीही असलं की बॉनेटखाली हात घालायचा नाही. पट्ट्यात अडकून बोटं गेलेली माणसं त्यांनी बघितली होती. माझी बहीण राखी बांधायला आली की मी दंडावर बांधून घ्यायचो. लग्नात हळदीचं कंकण बांधलं, तर ते सुटेपर्यंत उस्तादांनी मला गॅरेजात येऊ दिलं नाही. नवा नवरदेव मी, बाहेर स्टुलावर बसून पाने पुसत होतो. बायको अजून ती गोष्ट पाहुण्यांना सांगते.

दुसरा नियम पूजेचा. आमच्याकडं नवा पार्ट बसवला की मालक त्याला हळदकुंकू लावतो, दोरा बांधतो, मगच गाडी हलते. उस्ताद मुसलमान, पण गिऱ्हाइकाच्या पूजेला स्वतः बाजूला उभे राहायचे, टोपी सारखी करून. फक्त एवढंच सांगायचे, "धागा बांधो मियाँ, मगर वो चीज पे जो हिलती नैं." म्हणून आमच्या गॅरेजातले सगळे दोरे एअर फिल्टरच्या डब्याला. डबा हलत नाही.

पूजेचा आणखी एक धडा मला एका जीपनं शिकवला. जवळच्या गावचे एक अण्णा होते, फार भाविक. दसऱ्याच्या पूजेला मी फिल्टर काढून कार्बोरेटर उघडा ठेवला होता, जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक भोकं, साफ करायला. अण्णांनी बॉनेटसमोर नारळ फोडला आणि त्याचं पाणी शिंपडलं ते थेट कार्बोरेटरच्या नरड्यात. गाडी दोनदा खोकली आणि बंद. मी म्हणालो, "अण्णा, इंजिनाला नारळपाणी पाजलात." अण्णा हात जोडून म्हणाले, "मग प्रसाद घेतला म्हणा की त्यानं." सबंध दुपार तो प्रसाद काढण्यात गेली. तेव्हापासून पूजा होईपर्यंत कार्बोरेटरवर फडकं टाकायचं हा माझा स्वतःचा नियम.

तर शांताक्का.

शांताक्का म्हणजे आमच्या भागातल्या सिस्टर. सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. आसपासच्या खेड्यांत चाळिशीच्या आतली माणसं मोजा, त्यातल्या निम्म्यांना पहिली चापट मारून रडवलं ते अक्कानंच. तिच्याकडं एक पांढरी अँबॅसिडर होती. मास्तर, म्हणजे तिचे यजमान, गाडी चालवायला कधी शिकलेच नाहीत. ते मागं बसून पेपर वाचायचे आणि अक्का पुढं बसून गाडी हाकायची. मास्तर गेले, पण गाडी आणि अक्का राहिली. दर गुरुवारी नाही, पण जमेल त्या गुरुवारी ती गाणगापूरला दत्ताच्या दर्शनाला स्वतः गाडी घेऊन जायची. नऊवारी नेसून, पदर खोचून, हॉर्न भरपूर वाजवत.

मग तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पाय बरा झाला, पण गाडीचं पेडल जड. जुन्या कार्बोरेटरची पाकळी फिरवणारी सळई झिजून भोकात लटपटायला लागली होती, रॉड गंजले होते, स्प्रिंग ताठ. दाबायला मलाच जोर लागायचा. गाडी चार महिने पत्र्याखाली उभी राहिली. तेवढ्यात तिचा मुलगा महेश बंगळूरहून सुट्टीला आला. तो काँप्युटरमधला माणूस. पोरगा वाईट नाही, आईची काळजी असलेला आहे, पण काळजी करणाऱ्या माणसाला घाई फार असते. त्यानं गाडीला गिऱ्हाईक बघितलं. हमनाबादकडं हायवेवर ढाबा काढलेला एक माणूस. त्याला गाडी चालवायची नव्हती. ढाब्यासमोर शोभेला उभी करायची होती. इंजिन काढून बॉनेटात माती भरणार आणि झेंडू लावणार.

अक्का माझ्याकडं रिक्षातून आली, काठी टेकत. खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "शिवराज, माझ्या गाडीत झेंडू लावायलेत."

मला आधी कळेचना. कळल्यावर मला हसू आलं, आणि तिचं तोंड बघून ते गेलं.

"मी महेशला बोलले," ती म्हणाली. "म्हणलं, मी गाडी चालवत गाणगापूरला जाऊन दाखवीन. तू मागं बस. मधी कुणी चालवायचं न्हाई, मधी कुणी दुरुस्त करायचं न्हाई. पोचले तर गाडी माझी, न्हाई पोचले तर लाव म्हणलं झेंडू. तो व्हय म्हणाला. येत्या गुरुवारी जायचंय. आता तू सांग, पेडल हलकं होतंय का न्हाई?"

मी म्हणालो, "अक्का, होतंय. पण जुना कार्बोरेटर आता सांधण्यातला न्हाई राहिला. नवा बसवावा लागंल. ह्या गाडीचा मिळत न्हाई, बाजारातला दुसरा आणून जमवावा लागंल."

"मग जमव की. कामून बसलास?"

बाजारातला कार्बोरेटर जमवणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालण्यासारखं आहे. हैदराबादहून माल आला. बुडाची भोकं जुळेनात, म्हणून मध्ये एक जाड ॲल्युमिनियमची पट्टी कापून, वर-खाली पॅकिंग देऊन बसवला. मग खरी गंमत कळली. जुन्याची पाकळी रॉड ढकलला की उघडायची, नव्याची ओढला की उघडायची. म्हणजे अक्कानं पेडल दाबलं असतं तर गाडी बंद पडली असती आणि पाय काढल्यावर सुसाट सुटली असती. मध्ये दिशा बदलणारा एक जोड हवा, खिळीवर डुलणारा, काटकोनी. तसा तयार मिळत नाही. माझ्या घरी आईचं जुनं पायडलचं शिलाई मशीन होतं. त्याच्या पायडलाजवळचा जोड काढला, वाकवला, कानस मारली, बसवला. दांडा मुद्दाम दोन बोटं लांब ठेवला. दांडा लांब असला की पायाला जोर कमी लागतो. परत यायला दोन स्प्रिंगा लावल्या, एक तुटली तरी दुसरी पाकळी मिटवेल म्हणून. पेडल असं झालं की नुसता पाय टेकवला तरी इंजिन बोलायला लागायचं.

मला त्याचा गर्व झाला. खोटं कशाला सांगू? आयुष्यात इतकं मऊ पेडल मी केलं नव्हतं. सोनारानं दागिना दाखवावा तसा मी अक्काला बॉनेट उघडून तो जोड दाखवला.

तिनं वाकून बघितलं. पेडल दाबायला मला आत बसवलं आणि जोड कसा डुलतो ते बघत राहिली. मग म्हणाली, "हे तू केलास? शिलाई मशीनचं?"

"व्हय."

"मग पूजा ह्याचीच. दोरा ह्यालाच बांधणार मी." गाणगापूरहून आणलेले पिवळे दोरे तिच्या पिशवीत कायम असायचे.

उस्ताद तेव्हा हयात असते तर चार दिवस बोलले नसते. मला नियम पाठ होता. जोड हलणारा, तोही सगळ्यात जास्त हलणारा. पण माझ्या हातच्या कामाला कुणीतरी दोरा बांधायलंय, ह्या खुशीत मी तोंड उघडलं नाही. बाजूला उभा राहिलो. तिनं हळदकुंकू लावलं, दोऱ्याला गाठ मारली, आणि लांब टोक तसंच लोंबतं ठेवलं. मी ते कापलंसुद्धा नाही.

एक काम मात्र राहिलं होतं. कार्बोरेटरला एक छोटा स्क्रू असतो, जागेवर उभ्या गाडीचं मिश्रण ठरवणारा. तो शेवटी, इंजिन चांगलं तापल्यावर फिरवायचा असतो. मला ऐकूनच कळलं होतं, पाव फेरा आत घ्यायला पाहिजे. म्हणलं, ट्रायल मारून आल्यावर घेऊ.

बुधवारी सकाळी ट्रायल. अक्का चालवायला, मी शेजारी, महेश मागं. गावाबाहेर रस्ता मोकळा मिळाला. अक्काचं तोंड फुललेलं. "महेश, बघ रे," म्हणाली, "लोण्यावर पाय ठेवल्यावाणी हाय." आणि एका उसाच्या ट्रॅक्टरला ओलांडायला तिनं पेडल पूर्ण दाबलं.

ट्रॅक्टर मागं पडला. तिनं पाय उचलला. गाडीनं उचलला नाही.

इंजिन तसंच ओरडत राहिलं. पुढं वळणाच्या अलीकडं म्हशींचा कळप रस्त्यावर, निवांत. मी "अक्का" एवढंच म्हणालो. त्या बाईनं एका हातानं किल्ली फिरवली, इंजिन बंद केलं, ब्रेकवर उभी राहिली, आणि गाडी म्हशींपासून दोन हातांवर थांबवली. पहिल्या म्हशीनं आमच्याकडं बघितलं आणि रवंथ चालू ठेवला.

मी उतरून बॉनेट उघडलं. बघितलं तर तो पिवळा दोरा. लोंबतं टोक जोडात ओढलं गेलं होतं आणि गाठ पाचरीगत बसली होती. दोन स्प्रिंगा बिचाऱ्या ओढत होत्या. मी गाठ उपटून काढली, दोरा मुठीत घेतला. पाकळी टकदिशी मिटली.

मागं महेशचा आवाज येत होता. ओरडत नव्हता तो, हळू बोलत होता, आणि तेच जास्त लागत होतं. "आई, झालं ना आता? पाय उचलला गेला नाही तुझा. गुडघ्याचा भरवसा नाही, मी हेच सांगत होतो."

अक्का स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसली होती. म्हणाली, "उचलला होता रे मी." मग थोड्या वेळानं म्हणाली, "का न्हाई उचलला काय की. जड पडला असंल. आताशा कळत न्हाई मला."

मी इथं खरं तेच लिहितो. माझ्या मुठीत दोरा होता, खिशात टाकला असता तर कुणाला कळलं नसतं. पेट्रोलमधी कचरा आला म्हणालो असतो तर महेशला काय समजणार होतं? माझं नाव राहिलं असतं. पण ज्या बाईनं तीस वर्षं चिखलातून, ओढ्यातून गाडी काढली, ती स्वतःच्या पायावर अविश्वास दाखवायली, आणि ते माझ्यामुळं. मला ते बघवलं नाही.

मी खिडकीपाशी गेलो आणि मूठ उघडली. "अक्का, पाय तुम्ही येळेवर उचलला. हा दोरा जोडात अडकला. हलत्या वस्तूला दोरा बांधू नये हे मला माझ्या उस्तादांनी शिकवलंय. मी बघत उभा होतो, बोललो न्हाई. तुम्ही माझ्या कामाला पूजलं म्हणून फुगलो मी. चूक माझी हाय, महेश. तुमच्या आईची न्हाई, गाडीची बी न्हाई. ह्यांच्या जागी मी असतो तर म्हशीत घातली असती."

महेशनं दोरा हातात घेऊन बघितला. काळा, तेलकट, चुरगळलेला. आईकडं बघितलं. मग तो म्हणाला, "मामा, उद्या गुरुवार आहे. ठरलं तसं जाऊ. पण तुम्ही बरोबर चला. आणि बॉनेट उघडायचं नाही."

"न्हाई उघडत," मी म्हणालो.

अक्का माझ्याकडं बघत होती. माझा शब्द किती टिकतो हे तिला माहीत असावं.

गुरुवारी पहाटे नाही, चांगलं उजाडल्यावर, चहा पिऊन निघालो. गाडीत बसायच्या आधी अक्कानं पिशवीतून नवा दोरा काढला.

मी म्हणालो, "अक्का, आता गाडीला नका."

"गाडीला न्हाई. हात दे इकडं."

"मला?"

"व्हय तुला. राखी बी दंडावर बांधून घेतोस म्हणं. आज मनगटावर." आणि तिनं माझ्या उजव्या मनगटावर सात गाठी मारल्या, टाके घातल्यासारख्या पक्क्या. "दोरा असला की बॉनेटखाली हात घालत न्हाईस ना तू? आता बस शेजारी. गप."

महेश पहिल्यांदा मोकळा हसला.

तो प्रवास मला जन्मभर पुरेल. बसवकल्याण गेलं, हमनाबाद गेलं. ढाबा लागला तेव्हा अक्कानं हॉर्न वाजवला, विनाकारण. गाडी छान पळत होती. फक्त कुठं थांबली की इंजिन थोडं लटपटायचं, तो पाव फेरा. माझा हात सारखा मांडीवरून उठायचा. मी तो दुसऱ्या हातानं धरून बसलो होतो.

कमलापूरला आम्ही लाल केळी खायला थांबलो. तिथली लाल केळी सोडून पुढं जायचा रिवाज आमच्यात नाही. खाऊन निघायला बघतो तर गाडी सुरू होईना. ऊन तापलेलं, बॉनेटखाली पेट्रोल उकळलेलं. मला कारण माहीत, उपायही माहीत. एक ओलं फडकं आणि माझे दोन हात. मी दार उघडून एक पाय खाली टाकला.

महेश मागून म्हणाला, "मामा." एवढंच.

अक्कानं माझ्या मनगटाकडं बोट केलं. मग स्वतः उतरली नाही, घाबरली नाही. केळीवाल्याला म्हणाली, "अजून दोन दे रे बाबा." एक मला दिलं, एक स्वतः सोललं. सावकाश खाल्लं. साल पिशवीत ठेवली. पदरानं हात पुसले. मग पेडल तळापर्यंत दाबून धरलं, किल्ली फिरवली, आणि इंजिन आधी खोकलं, मग गरजलं.

"मामा, आईला हे कसं माहीत?" महेशनं विचारलं.

"इंजिन निवू दिलं, मग पेडल दाबून जादा हवा दिली. तीस उन्हाळे चालवायली ती," मी म्हणालो. "माझ्याकडं तर बिघडल्यावर यायची."

कलबुर्गीच्या गर्दीत दोन रिक्षावाल्यांना तिनं कन्नडात सुनावलं, एकाला उर्दूत. दुपारी गाणगापूरला पोचलो. लॉजवाल्यानं गाडी लावायला जागा दाखवली, अक्कानं ती नापसंत केली आणि सावलीत स्वतःच्या पसंतीनं उलटी घेऊन लावली. उतरली, गाडीच्या टपावर हात ठेवला आणि रडली. मीही डोळे पुसले, मला लाज नाही त्याची. महेश बाजूला जाऊन फोनवर बोलत होता. ढाबेवाल्याला सांगत होता, "झाडांसाठी दुसरं काहीतरी बघा. ही चालते."

येताना मी म्हणालो, "अक्का, दर्शन झालं, पैज झाली. आता दोरा सोडा. तो एक स्क्रू पाव फेरा फिरवायचा राहिलाय."

"घरी गेल्यावर बघू," ती म्हणाली.

घरी गेल्यावर तिनं सोडला नाही, आणि दत्ताचा दोरा माझ्या हातानं मला कापवेना. दोरा झिजून आपोआप तुटायला महिना लागला. तेवढा महिना मी खुर्चीत बसून होतो, आलेली कामं दुसऱ्या गॅरेजांना पाठवत होतो, आणि हळूहळू मला खुर्ची मानवली. माझी निवृत्ती अशी झाली. दोरा तुटला त्याच दिवशी मात्र स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तिच्या घरी गेलो.

अक्कानं चहा दिला, बॉनेट दिलं नाही. म्हणाली, "गाडी चालतीय ना?"

"चालतीय, पण..."

"मग? तुझा हात न लागता गाणगापूरला गेलीय ती. आता तू हात लावलास की महेश म्हणंल, बघ, मिस्तरी लागतोच. ऱ्हाऊ दे तुझा पाव फेरा."

आता जमेल त्या गुरुवारी सकाळी पांढरी अँबॅसिडर माझ्या शेडसमोरून जाते. अक्का मुद्दाम थांबवते, काच खाली करते, "येतोस का रे दर्शनाला?" म्हणून विचारते. मी म्हणतो, "आज न्हाई." इंजिन समोर लटपटत उभं असतं, पाव फेरा, फक्त पाव फेरा. स्क्रू-ड्रायव्हर खुर्चीखालीच असतो माझ्या. ती हॉर्न वाजवते आणि निघून जाते.